लढाई खाडीत झाली, आपण बुरूज शोधतोय

विकास आराखडा निघाला की आमच्या ठाण्यात दोन प्रकारची माणसं एकदम जागी होतात. एकांच्या हातात ‘इंचभरही जागा देणार नाही’ असा फलक असतो. दुसऱ्यांच्या हातात मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा आणि तोंडी सवाल, ‘दाखवा बघू, कुठंय तुमचं रणांगण? इथं तर नुसतं गवत आहे.’ मध्यंतरी अशाच एका सभेत मी मागच्या खुर्चीवर अडीच तास बसून होतो. इतिहासप्रेमींनी बुरुजांचे फोटो दाखवले. विरोधकांनी ते फोटो मोठे करून, दगड किती उरलेत ते मोजून दाखवलं. चहा दोनदा झाला. पण ज्या खाडीमुळे ठाणं हे लढण्याजोगं ठिकाण झालं, त्या खाडीचं नाव अडीच तासांत कोणी घेतलं नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. रणभूमी म्हणजे किल्ला नव्हे, आणि किल्ल्याच्या नियमांनी ती वाचवायला गेलं तर ती हमखास हरते. रणभूमीत वाचवायची असते ती जमिनीची ठेवण: चढ, उतार, पाण्याची कड, कुठून काय दिसतं आणि कुठून दिसत नाही. तेवढं शिल्लक असेल तर एकही दगड नसला तरी लढाई समजते, आणि तेवढंच गेलं तर वर कितीही उंच पुतळा उभारा, तिथे काय झालं हे कोणालाही कळणार नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या बाबतीत ही ठेवण बहुतांशी खाडीकाठी आहे, आणि ती वाचवण्यासाठी कोणाचं घर अडवायची फारशी गरजही नाही. दोन्ही बाजू भलत्याच जागेसाठी भांडताहेत.

ठाण्याचंच बघा. मध्यवर्ती कारागृहाच्या भिंती म्हणजे ठाण्याचा किल्ला. तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतला होता. बांधकाम अर्धवट असतानाच मार्च 1737 मध्ये मराठ्यांची फौज खाडी ओलांडून साष्टी बेटावर, म्हणजे आजचं ठाणं आणि मुंबईची उपनगरं जिथे आहेत तिथे, उतरली आणि ठाणं पडलं. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेची ही सुरुवात. तिच्यामागे अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक माणसांची खटपट होती. अंजूर खाडीपलीकडे, भिवंडीच्या बाजूला. पुढच्याच वर्षी पोर्तुगीज सेनानी पेद्रू द मेलू गलबतं घेऊन ठाणं परत जिंकायला आला आणि मराठ्यांच्या तोफेला बळी पडला. मे 1739 मध्ये वसई पडली तेव्हा लोकांनी वसईचे पोवाडे गायले, पण साष्टी बेट हातात नसतं तर वसईला वेढा घालून बसणं किती अवघड गेलं असतं, याचा विचार करा. मग 1774. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी कुणकुण लागताच मुंबईच्या इंग्रजांनी घाईने ठाण्याला वेढा घातला. वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी कमोडोर वॉटसन जायबंदी होऊन दगावला. खंदक बुजवण्याचा रात्रीचा प्रयत्न फसला, बरीच माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी, 28 डिसेंबरला, त्यांनी हल्ला करून किल्ला घेतला. आतल्या बहुतेक शिबंदीची कत्तल झाली. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची ठिणगी ती हीच. 1782 च्या सालबाईच्या तहात पुष्कळ मुलूख परत मिळाला, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. मुंबई आज जशी वाढली आहे, ती त्या एका आठवड्यात वाढायला मोकळी झाली असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आता ही सगळी हकीकत पुन्हा वाचा आणि सांगा, तीत भिंत किती आहे आणि पाणी किती? 1737 मध्ये खाडी ओलांडणं हाच सगळा डाव होता. 1738 मध्ये गलबतांना तोफेच्या माऱ्यात आणणारी तीच खाडी. 1774 मध्येही मुंबईहून माणसं नि दारूगोळा आणायला सोयीची वाट पाण्याचीच. कळवा पुलावर सकाळी ओहोटीच्या वेळी थांबा. (वाहतूक पोलीस थांबू देत नाही, पण पदपथावरून चालत जाता येतं.) पाणी मधल्या चिंचोळ्या धारेपुरतं उरतं. दोन्ही बाजूंना काळा, चकचकीत गाळ, त्यात खेकड्यांची भोकं, काठाला तिवरांची (खारफुटीची) बोटं वर आलेली. त्या गाळात पाय टाकला तर मांडीपर्यंत जातो. हे मी स्वतः एका चपलेची किंमत मोजून शिकलो आहे. सहा तासांनी तिथेच होडी फिरते. म्हणजे पलीकडच्या काठावरून शेकडो माणसं अंधारात, आवाज न करता आणायची असतील तर एकच वेळ साधायला हवी, आणि परतायचं झालं तर तीच वेळ आपल्यावर उलटते. हे पुस्तकात वाचून कळतं, पण पुलावर उभं राहिलं की अंगावर काटा येतो. ही समज देणारी गोष्ट म्हणजे तो गाळ, ती रुंदी आणि तुरुंगाच्या भिंतीपासून पाण्यापर्यंतचं अंतर.

उंबरखिंड पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. खोपोलीच्या पलीकडे, चावणी गावाजवळ, फेब्रुवारी 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाची फौज कोंडीत पकडली. तिथे किल्ला नाही, बुरूज नाही, स्मारक आहे ते आपल्या काळातलं. पण दोन्ही बाजूंची झाडी, खालची नदीची वाट आणि वरचे डोंगर बघितले की मोठी फौज तिथे का अडकली हे दहावीतल्या मुलालाही दहा मिनिटांत कळतं. उद्या त्या उतारांवर सुट्टीतल्या घरांचे प्लॉट पडले आणि स्मारक तेवढं जागच्या जागी राहिलं, तर आपण उंबरखिंड वाचवली असं म्हणणार का?

विरोधकांचा पहिला मुद्दा वजनदार आहे. महाराष्ट्रात लढाई झाली नाही अशी जागा दाखवा, असं ते म्हणतात. खरंच आहे. कल्याण-भिवंडी 1657 मध्ये स्वराज्यात आली, बेलापूरवर सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज सगळे येऊन गेले, घोडबंदरची गोष्ट वेगळीच. प्रत्येक चकमकीची जागा राखायची म्हटलं तर माणसांनी राहायचं कुठे? लोकल गाडीत दिवा स्टेशनापासून लोंबकळत येणाऱ्या माणसाला घर हवं आहे, त्याला सतराव्या शतकाचं कौतुक सांगणं हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, असं कोणी म्हटलं तर मी रागावणार नाही. पण यावरचं उत्तर ‘काहीच राखू नका’ हे नसून ‘निवडा’ हे आहे. इंग्लंडमध्ये दीड-दोन हजार वर्षांच्या लढायांचा इतिहास आहे. त्यांनी 1995 मध्ये रणभूमींची अधिकृत यादी केली तेव्हा तीत 43 नावं होती, आणि आजही ती पन्नाशीच्या आत आहे. जिथे निकालाने पुढचा इतिहास वळला आणि जिथे जमीन अजून बोलते, अशाच जागा घेतल्या. ठाणे, नवी मुंबई, कल्याण मिळून अशा जागा निवडायला बसलं तर माझ्या हिशेबाने हाताची बोटं पुरतील.

मात्र निवडायच्या आधी शोधावं लागतं, आणि इथे आपले इतिहासप्रेमी कमी पडतात. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा शेवट झाला ती 1485 ची बॉसवर्थची लढाई घ्या. तिथे एका टेकडीवर माहिती केंद्र उभं राहिलं, पर्यटक आले, सगळं साग्रसंगीत झालं. पुढे पुरातत्त्वज्ञांनी शेतांमधून शिशाचे गोळे वेचून काढले तेव्हा कळलं की प्रत्यक्ष लढाई तिथून सुमारे तीन किलोमीटरवर झाली होती. वर्षानुवर्षं लोक भलत्याच टेकडीला नमस्कार करत होते. यादीत नाव आलं म्हणजे कवच मिळालं असंही नाही. 2018 मध्ये त्याच नोंदलेल्या रणभूमीच्या कडेला वाहनांच्या चाचणीमार्गाला परवानगी मिळालीच. आमच्याकडे तर एखाद्या व्याख्यानात कोणी ‘इथेच झाली’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी तिथे फलक लागतो. अशा फलकांवर बिल्डरच्या वकिलाने उद्या बोट ठेवलं तर आपल्याजवळ काय उत्तर आहे?

दुसरा मुद्दा याहून कठीण आहे, आणि सभेत तो मांडणारा माणूस बिल्डरचा नव्हता. साठीचे एक काका उठले, नवी मुंबईतल्या एका गावठाणातले. म्हणाले, ‘1970 मध्ये सिडको आली तेव्हा शहरासाठी जमीन गेली. आता इतिहासासाठी जाणार. आमच्यासाठी कधी राहणार?’ सभागृह गप्प झालं. 95 गावांच्या जमिनींवर हे शहर उभं आहे. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान फाट्यावर याच जमिनीच्या मोबदल्यासाठी पाच माणसं पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडली, आणि गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी योजना त्या लढ्याच्या जोरावर पदरात पडली. ज्यांनी एकदा असं गमावलं त्यांना ‘वारसा’ हा शब्द नोटिशीसारखाच ऐकू येणार. त्यात केंद्रीय संरक्षित स्मारकाचा 2010 पासूनचा नियम: शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीवाचून काही नाही. स्मारकाच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला छपरावर मजला चढवायचा तर सोडाच, पडकी भिंत उभी करायलाही खेटे घालावे लागतात. हा सरसकट कंपास फिरवून काढलेला गोल रणभूमीला लावणं मला मुळीच मान्य नाही. इथे मी काकांच्या बाजूचा आहे.

पण मग त्यांच्याच मुद्द्याच्या शेवटापर्यंत जाऊ या. दास्तान फाटा ही रणभूमी नाही का? लढणारे कोण होते, कशासाठी लढले, रस्ता कुठून कसा अडला होता, हे आणखी पन्नास वर्षांनी नातवाला दाखवायचं असेल तर काय उरलेलं असेल? शेजारीच विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळला. जमिनीची ठेवण बदलण्याचा वेग आता असा आहे की चाळीस वर्षांपूर्वीची गोष्टही जागेवर समजावून सांगता येत नाही. म्हणजे ज्याला जमीन गमावल्याचं दुःख आहे, त्यालाच जमीन ओळखू येण्याजोगी राहण्याची सर्वात जास्त गरज आहे. रणभूमी म्हटलं की तलवार आणि घोडा हे समीकरण आपण शाळेतून आणलं, म्हणून गावठाण एका बाजूला आणि इतिहास दुसऱ्या बाजूला असं चित्र तयार झालं.

आणि स्मारकांबद्दल बोलायलाच हवं, कारण माझ्या मते रणभूमीचं सर्वात मोठं नुकसान बिल्डरांइतकंच स्मारकवाल्यांनी केलं आहे. नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला त्या बेल्जियममधल्या वॉटर्लूला 1826 मध्ये सिंहाचा पुतळा बसवण्यासाठी चाळीस मीटरहून उंच मातीचा ढिगारा रचला. माती आणली कुठून? ज्या उंचवट्याच्या आडोशाला इंग्रज सेनापती वेलिंग्टनने आपली फौज लपवली होती, तोच खरवडून. म्हणजे लढाई ज्या चढामुळे जिंकली गेली तो चढ त्या विजयाच्या आठवणीने खाल्ला. पुढे 1914 मध्ये बेल्जियमने तिथल्या बांधकामांवर बंदी घालणारा कायदा केला, पण चढ काही परत आला नाही. आमचे खाडीकिनारे सुशोभित होतात तेव्हा मला तो ढिगारा आठवतो. भराव टाकायचा, पेव्हर ब्लॉक बसवायचे, शहराच्या नावाची लाल अक्षरं, सेल्फी पॉइंट, एखादी फायबरची तोफ, तीही खाडीकडे पाठ करून. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली तेव्हा शहरभर अभिनंदनाचे फलक लागले. त्या नोंदीचं नाव कोणी नीट वाचलं का? ती ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ अशी आहे. नोंद भूप्रदेशांची झाली, फलकांवर फोटो दरवाजांचे आले. त्या बारांत आमच्या जिल्ह्यातला एकही नाही, त्याचं मला फारसं दुःख नाही. पण भूप्रदेश हा शब्द तरी आपण घ्यायला हरकत नव्हती.

कायदाच नाही हो, असं दोन्ही बाजू म्हणतात. अर्धं खरं आहे. आपला कायदा स्मारकाची व्याख्या करताना वास्तू, लेणी, शिलालेख यांच्याभोवती फिरतो. पण ‘पुरातत्त्वीय स्थळ’ म्हणजे शंभर वर्षांहून जुने, ऐतिहासिक महत्त्वाचे अवशेष जिथे आहेत किंवा असावेत असं मानायला जागा आहे असं क्षेत्र. अवशेष वर दिसलेच पाहिजेत अशी अट नाही. अमेरिकेत यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या मैदानातून ट्राम कंपनीने रूळ टाकले, तेव्हा सरकार रणभूमीसाठी जमीन सक्तीने घेऊ शकतं का हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1896 मध्ये उत्तर ‘हो’ असं आलं. त्याच देशात 1994 मध्ये डिस्नेने मनॅसस रणभूमीजवळचं इतिहासाचं मनोरंजन उद्यान गुंडाळलं, ते लोकांच्या ओरडीपुढे. मला त्यातला पहिला मार्ग इथे नको आहे. सक्तीने जमीन घेण्याचं पुरेसं झालं.

आणि गरजही नाही, हे मी पहिल्यापासून म्हणतोय. आमची रणभूमी खाडीत आहे आणि खाडीला आधीच दुसरी माणसं वाचवताहेत. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि 2018 च्या निकालात ती कायम केली. तिवरांभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही त्यात आला. ऐरोलीच्या खालच्या खाडीत 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. ठाण्याच्या किल्ल्यासमोरचा पट्टा त्या अभयारण्यात येत नाही, पण तिवरांचं संरक्षण तिथेही लागू आहे. शिवाय तुरुंग. कैद्यांच्या सुरक्षेसाठी तुरुंगालगतच्या बांधकामांवर बंधनं असतात. म्हणजे चिमाजी अप्पांसाठी जे झालं नाही ते पक्ष्यांनी आणि कैद्यांनी करून ठेवलं आहे! पर्यावरणवाले नकाशावर दलदल रंगवतात, इतिहासवाले त्याच जागेवर भाषण करतात, आणि दोघांची भेट होत नाही. त्याच पट्ट्यावर ‘1737 आणि 1774 च्या लढाईचं क्षेत्र’ अशी एक नोंद आराखड्यात पडली, तर नवा चौरस मीटरही न गोठवता भराव टाकणाऱ्याला दोन कारणं द्यावी लागतील. तुरुंग हलवायची चर्चा अधूनमधून होते, त्या दिवशी तर ही नोंद लागेलच, कारण क्रांतिकारक अनंत कान्हेरे आणि त्यांचे दोन सोबती 1910 मध्ये जिथे फासावर गेले ती जागा मोकळी होताच तिच्यावर नजरा पडतील.

द्वेषाचा मुद्दा राहिला. जुन्या लढाया उकरल्या की जुनी वैरं उकरली जातात, ही भीती खोटी नाही. आपण ते बघितलं आहे. पण वैर वाढवायला जमीन लागत नाही, मोबाइल पुरतो. उलट जागेवर गेलं की गोष्ट गुंतागुंतीची होते. 1774 मध्ये ठाण्यावर चालून आलेल्या इंग्रजी फौजेत गोऱ्यांपेक्षा देशी शिपाई जास्त होते. ‘आपण’ भिंतीच्या कोणत्या बाजूला होतो हे खंदकाच्या जागी उभं राहून ठरवायला सांगा, घोषणा आपोआप हळू होतात.

एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. आजची खाडी 1737 ची नाही. ती गाळाने भरली, भरावाने अरुंद झाली, 1854 मध्ये रेल्वे कल्याणला जाताना तिच्यावरून गेली, आज दिसणारी कितीतरी तिवरंही नंतरची आहेत. मग वाचवायचं ते नक्की काय, हा प्रश्न रास्त आहे. जुना काठ कुठे होता हे शोधायला जुने नकाशे लागतील, आणि आणखी एक दफ्तर लागेल, ज्याकडे सभेतल्या कोणीच पाहिलं नाही. मागच्या पावसाळ्याआधी मी चेंदणी कोळीवाड्यात एका म्हाताऱ्या कोळीबाबांपाशी बसलो होतो. ते जाळं दुरुस्त करत होते. मी त्यांना खाडी ओलांडण्याची सगळी कथा रंगवून सांगितली. त्यांनी हातातली सुई थांबवली नाही. ‘उधाणाचे दिवस होते का भांगाचे?’ त्यांनी विचारलं, म्हणजे मोठ्या भरतीचे की लहान भरतीचे. मला सांगता येईना. ‘तुमच्या पुस्तकात तिथी असेल ना? तिथी आणि वेळ सांगा, पाणी किती होतं आणि माणूस कुठून उतरला असेल ते मी सांगतो.’ माझ्या वहीत इंग्रजी तारखा होत्या, त्याही दोन पुस्तकांत दोन. मी पंचांग बघून परत येतो म्हटलं.